ज्यानं बांधली त्यानं सोडायची

ग्रीस गनचा दांडा तिनं डाव्या हातानं दाबला आणि शाफ्टच्या सांध्यातून जुनं काळं ग्रीस गांडुळासारखं वळवळत बाहेर आलं. आणखी दोनदा दाबल्यावर त्याच्यामागून नवं पिवळं डोकावलं, तेव्हा मिस्त्रीण थांबली. पिवळं दिसलं की पुरे. उजवा खांदा अजून वर जाताना कुरकुरत होता, म्हणून सगळी मदार डाव्या हातावर. साठ-बासष्ट वर्षं आयतं बसून खाल्लेला तो हात आता कुठं कामाला लागला होता.

ट्रकखाली अंथरलेल्या सतरंजीवर ती उताणी पडली होती. पुढच्या चाकापाशी दोन पॉलिश केलेले बूट येऊन उभे राहिले.

"आई, खाली आहात का?"

गुडघ्यापासून पाय बाहेर दिसत असताना माणूस असा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला दुसरंच काहीतरी बोलायचं असतं.

"नाही, टपावर आहे," ती खालून म्हणाली. "बोला जावईबापू."

जावई खाली वाकला, पण पँटची इस्त्री मोडू नये इतपतच. माणूस सरळ होता. विमा कंपनीत नोकरी, त्यामुळे त्याला जिन्यात पाय घसरलेला दिसायचा आणि गॅसच्या शेगडीत आग दिसायची. पोटापाण्याचाच धंदा तो, त्याला तरी काय बोल लावायचा. त्यानं जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की त्याच्या एका मित्राची मोठी बाग होती आणि बागेत पाहुण्यांसाठी काहीतरी वेगळी खोली करायचं त्याच्या मनात होतं. हा ट्रक त्यानं फोटोत पाहिला होता आणि तो भलताच खूश झाला होता. चाकं काढायची, विटांच्या ओट्यावर ट्रक नीट बसवायचा, इंजिन काढून टाकायचं म्हणजे वजन उतरेल, आणि वरून वेल सोडायचे. उद्या-परवा तो बघायला यायचा होता.

"कधीही जाऊन बसता येईल तुम्हाला तिथं," जावई म्हणाला. "चांगल्या घरी पडेल भोपळा."

तो असं म्हणाला जसं काही लग्नाची मुलगी द्यायची होती. मिस्त्रीण सतरंजीवरून सरकत बाहेर आली, चिंध्यांनी हात पुसले, आणि इंजिन काढून टाकलेला ट्रक म्हणजे काय असतं याचा तिनं क्षणभर विचार केला. मग काही न बोलता ती केबिनमध्ये चढली आणि स्टिअरिंगला बांधलेली लाल चिंधी सोडून खुंटीला अडकवली. जावयानं त्या शांततेचा अर्थ होकार असा घेतला. लग्नाला बारा वर्षं होऊनही सासू त्याला कळली नव्हती.

त्या ट्रकला भोपळा म्हणायचे ते त्याच्या रंगामुळे, आणि ते नाव ठेवलं होतं लेकीनं, ती परकरात असताना. लेकीचे वडील जमिनीखालचं पाणी शोधायच्या कामावर होते. आज या माळावर, उद्या त्या डोंगरापलीकडे. भाड्याच्या खोल्या बदलून नाकी नऊ आले तेव्हा त्यांनी एक जुना मालवाहू ट्रक घेतला, मागच्या सांगाड्यावर लाकडी घर बांधलं, आणि राहायला गेले ते कायमचेच. दोन बिछाने, एक शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारे पत्रे, आणि प्रत्येक खणाला खटका, कारण चालत्या घरात खटका नसलेला खण पहिल्याच वळणावर आपलं पोट मोकळं करतो. वडील नकाशे वाचायचे आणि स्वयंपाक करायचे. ट्रक चालवायची आणि दुरुस्त करायची ती बायको. रस्त्यावरचे गॅरेजवाले आधी हसले, मग तिला मिस्त्रीणबाई म्हणायला लागले, आणि नवऱ्यानं त्यातलं 'बाई' काढून टाकलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आपलं चाकावर, असं तो म्हणायचा.

नोकरी संपली तरी दोघं उतरली नाहीत. पायाला भिंगरी लागली होती म्हणा, किंवा थांबायचं कसं ते विसरली होती म्हणा. गेल्या वर्षी तो गेला, आपल्याच बिछान्यावर, मागचं दार उघडं आणि समोर पिकाचं रान. मिस्त्रीण त्यानंतरही एकटी फिरत राहिली. टपावरचे पत्रे पुसताना शिडीवरून पाय घसरला आणि खांदा मोडून ती अख्खी दुपार दगडांत पडून राहिली, शेळ्या शोधत एक माणूस तिथं आला तोपर्यंत. मग लेक आली, तिला घेऊन गेली, आणि भोपळ्याला एका भाड्याच्या ड्रायव्हरनं आणून घराशेजारच्या मोकळ्या जागेत लावलं.

आता राहिली ती चिंधी. लेक लहान असतानाची गोष्ट. नवरा बॉनेट उघडून पंख्याच्या पट्ट्याशी काहीतरी करत होता, मिस्त्रिणीला ते ठाऊक नव्हतं, आणि तिनं किल्ली फिरवली. करंगळीचं वरचं पेर गेलं. तो पुढं सगळ्यांना साडेनऊ बोटं दाखवून हसवायचा, पण त्या दिवशी लेकीचा एक लाल फ्रॉक फाडून जखम बांधावी लागली होती. उरलेल्या तुकड्याची चिंधी झाली आणि चिंधीचा नियम झाला: गाडीखाली जायचं असो, काही उघडायचं असो की बंद करायचं असो, आधी स्टिअरिंगला लाल बांधायचं. लाल बांधलेलं असताना किल्लीला हात लावायचा नाही. आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं नाही, मग काम संपलेलं डोळ्यांना दिसत का असेना. आता किल्ली फिरवायला दुसरं माणूसच उरलं नव्हतं, तरी मिस्त्रीण बांधायची. सवय म्हणून नव्हे. न बांधता खाली गेलं तर तो खरंच गेला असं झालं असतं.

रात्रीच्या जेवणाला तिनं सांगून टाकलं, की ती उद्या सकाळी निघतेय.

जावयाचा घास हातातच राहिला. मित्राचा विषय त्यानं पुन्हा काढायचा प्रयत्न केला, तर मिस्त्रीण म्हणाली की मित्राला हवं तर त्यानं स्वतःच्या गाडीची चाकं काढून ती विटांवर ठेवावी. लेकीनं मान वर केली नाही. ती ताटातलं एकेक शीत बोटानं गोळा करत होती, लहानपणी रागावली की करायची तसं.

"आणि खांदा?" ती शेवटी म्हणाली.

"बरोबर नेते."

"पुन्हा पडलीस तर?"

"तर उठेन."

"मागच्या वेळी नाही उठलीस."

लेक उठली, तिनं ताटं गोळा केली आणि नळ सोडून पाठमोरी उभी राहिली. आतली खोली तिनं स्वतः रंगवली होती, आईसाठी. अजून रंगाचा वास जात नव्हता. खिडकी मोकळ्या जागेच्या बाजूला, म्हणजे पडल्या पडल्या भोपळा दिसेल. एवढा विचार तिनं केला होता. चाकांवर वाढलेल्या त्या पोरीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: एक खिडकी, जिच्यातून रोज तेच झाड दिसेल. हट्टानं शिकून, हट्टानं नोकरी करून तिनं ती मिळवली होती. हट्ट कुणाकडून घेतला होता ते सांगायला नको.

"काय कमी आहे तुला इथं?" नळाच्या आवाजात तिनं विचारलं.

"कमी काहीच नाही गं बेबी. पण इथं माझ्यावाचून काहीच अडत नाही."

लेकीनं नळ आणखी मोठा केला.

सकाळी मिस्त्रीण लवकर उठली. रंगाच्या खोलीतली गादी तिनं नीट आवरली, चादरीची घडी घातली, पाहुण्यानं घालावी तशी. मग बाहेर येऊन टाकीत पाणी भरलं, चाकांत हवा बघितली, तेलाची काडी काढून पुसून पुन्हा बुडवून बघितली. खणांचे खटके एकेक करून लावले. गॅसची टाकी पट्ट्यानं आवळली. चाकांखालचे लाकडी ठोकळे काढताना खांद्यानं एकदा जोरात आठवण करून दिली, तेव्हा तिनं त्याला एक शिवी हासडली आणि ठोकळा दुसऱ्या हातात घेतला. हवा गार होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं झालं.

किल्ली घेऊन ती केबिनमध्ये चढली, आणि बसता बसता थांबली.

स्टिअरिंगला लाल बांधलेलं होतं.

काल तिनं स्वतः सोडून खुंटीला लावलेली चिंधी. आणि गाठ तिची नव्हती. ती स्वतः साधी सुरगाठ मारायची. नवरा गुरं बांधायची गाठ मारायचा, सोडताना नखं मोडायची. ही दोन पाकळ्यांची होती, शाळेत जाताना वेणीला रिबीन बांधतात तशी, दोन्ही पाकळ्या ओढून सारख्या केलेल्या.

किल्ली केबिनच्या गादीवर ठेवून ती खाली उतरली आणि तिनं डिझेलच्या टाकीशी वाकून बघितलं. टाकीखालच्या कॉकचा दांडा आडवा होता. म्हणजे डिझेल बंद. इंजिन नळीतल्या उरल्यासुरल्या थेंबांवर जेमतेम चालू झालं असतं, थोडं धावून गचकलं असतं, आणि डिझेलच्या जागी हवा ओढून बसलं असतं. मग म्हातारी दिवसभर याला त्याला पान्हे लावत बसेल, तोवर मित्र येईल, तोवर खांदा दुखायला लागेल, तोवर जेवायची वेळ होईल. बेत वाईट नव्हता.

मिस्त्रिणीला आधी राग आला, असा की कानशिलं तापली. आणि मग हसू फुटलं. चोरी करायला आलेल्या माणसानं जाताना दारावर आपलं नाव लिहून जावं, तसं पोरीनं केलं होतं. कॉक बंद केला होता आईला फसवायला, आणि लाल बांधलं होतं, कारण कॉक बंद केला की लाल बांधायचं.

दांडा दोन बोटांनी उभा झाला असता. एक पाकळी ओढली असती तर गाठ सुटली असती. तिनं दोन्हींपैकी कशालाच हात लावला नाही. मागचं दार उघडून तिनं शेगडी पेटवली, चहाचं आधण ठेवलं, आणि पायरीवर जाऊन बसली. स्वयंपाकघराच्या खिडकीत लेकीची सावली हलत होती. भांडी घासण्याचा आवाज येत होता, गरजेपेक्षा जास्त.

बऱ्याच वेळानं जावई आला. त्याच्या हातात प्रथमोपचाराची कोरी पेटी होती, सासूला वाटेत लागेल म्हणून आणलेली. पेटी देऊन तो घुटमळला.

"अजून निघाला नाहीत?"

"लाल बांधलेलं आहे."

"मग सोडा की."

"मी बांधलेलं नाही."

जावयानं केबिनच्या खिडकीतून चिंधीकडे बघितलं, मग सासूकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समजूतदारपणा पसरला. सासूबाईंना मनातून जायचं नाही, पण आता माघार कशी घ्यायची म्हणून चिंधीचं निमित्त काढलंय, असं त्याला वाटलं. आणि तसं असेल तर त्यांचा मान राखायला हवा, इतकं त्याला कळत होतं. तो प्रेमानं म्हणाला, की कधी कधी गाडीलाच जायचं नसतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. मिस्त्रीण त्याच्यासाठी चहा गाळायला आत वळली. त्या वेळात तो केबिनमध्ये चढला आणि गाडीची खरंच काय इच्छा आहे ते बघावं म्हणून त्यानं गादीवरची किल्ली लावून फिरवली.

भोपळ्यानं हुंदका दिला आणि इंजिन धडधडत सुरू झालं.

मिस्त्रिणीच्या हातातलं गाळणं खाली पडलं. त्याच क्षणी घराचं मागचं दार भिंतीवर आपटलं. लेक अनवाणी धावत येत होती, कोपरापर्यंत साबण, पदर सुटलेला. ती केबिनकडे गेलीच नाही. आधी ट्रकपाशी येऊन ती मातीत गुडघ्यांवर कोसळली आणि खाली वाकून बघितलं, पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत, आई दिसतेय का म्हणून. खाली कुणी नव्हतं. मग ती उठली आणि तिनं केबिनचं दार उघडलं. इंजिन तोवर दोनदा खोकून आपणहून बंद पडलं होतं.

"लाल दिसत नाही तुला?" तिचा आवाज चिरकला. "लाल बांधलेलं असताना किल्ली फिरवतात?"

"अगं पण खाली कुणी नव्हतं."

"ते तुला काय माहीत?"

जावई किल्लीवरचा हात काढून घेऊन तसाच बसून राहिला. मिस्त्रीण मागच्या पायरीवर उभी होती. लेकीनं तिच्याकडे बघितलं, आणि मग आपल्याच ओरडण्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला. साबणाचे हात तिनं कपड्यांना पुसले, एकदा, दोनदा, पुसायला काही उरलं नाही तरी.

"पण मग बांधलं कुणी?" जावयानं विचारलं.

थोड्या वेळानं तो आपणच खाली उतरला, मिस्त्रिणीनं गाळून पायरीवर ठेवलेला चहा उचलला, आणि आता घरात थांबलेलं बरं असं समजून निघून गेला. लग्नाच्या तेराव्या वर्षात त्याला काहीतरी कळायला लागलं होतं.

"एअर पकडली असेल," मिस्त्रीण म्हणाली. "काढायला लागेल. बारा-तेराचा पान्हा कुठं असतो, आठवतंय?"

मागं चढून लेकीनं डावीकडचा खालचा खण उघडला, न बघता खटका दाबून, आणि पान्हा आणून आईच्या हातात दिला. मग ती सतरंजी न घेताच टाकीखाली सरकली, कॉकचा दांडा उभा केला आणि केसांना माती लावून बाहेर आली.

हवा काढायचं काम दोघांचं. एकानं फिल्टरवरचा बोल्ट सैल करून धरायचा, दुसऱ्यानं बाजूचा छोटा हातपंप मारत राहायचं, बोल्टाशी फेस येईतो, फेसाचे बुडबुडे होईतो, आणि बुडबुडे संपून निर्मळ डिझेल येईतो. एकट्यानंही होतं, पण त्याला दोन धड खांदे लागतात. लेक पंपाशी गेली. तिनं विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. पहिला फेस आला तेव्हा दोघींच्या नाकात डिझेलचा तो जुना वास शिरला.

"बंद करून दारापर्यंत गेले होते," लेक पंप मारता मारता म्हणाली. "मग परत आले. बांधून गेले."

"का?"

"नाही जमलं."

मिस्त्रिणीनं बोल्ट अर्धा आटा आणखी सैल केला. बुडबुडे अजून येत होते.

"तू का नाही सोडलीस?" लेकीनं विचारलं. "कॉक तर तुला डोळे मिटून सापडला असता."

"मी बांधली नव्हती."

"तेवढ्यासाठी इतका वेळ बसलीस?"

"दिवसभर बसले असते."

"आणि मी आलेच नसते तर?"

मिस्त्रिणीनं फडक्यानं बोल्टाभोवतीचं डिझेल टिपलं. "मग खोली होतीच की," ती म्हणाली. "रंगाचा वास गेला असता हळूहळू."

लेकीचा हात पंपावर थांबला. आईच्या तोंडावर थट्टा आहे का ते तिनं बघितलं. नव्हती. घरातल्या त्या खिडकीपाशी जन्म काढायचा की नाही, हे आईनं दोन पाकळ्यांच्या गाठीवर सोपवून दिलं होतं आणि आपण चहा करत बसली होती. लेकीला इतका राग आला की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, हात डिझेलचे होते.

"मार," मिस्त्रीण म्हणाली. "अजून आहे हवा."

निर्मळ धार आल्यावर बोल्ट आवळला. लेक केबिनमध्ये चढली, तिनं गाठीची एक पाकळी ओढली आणि लाल सुटलं. मग तिनं किल्ली फिरवली. भोपळा एकदा कण्हला, धुराचा एक गोळा सोडला, आणि मग त्याचा तो जाड, समाधानी आवाज सगळ्या जागेत भरून राहिला. मिस्त्रीण बॉनेटवर हात ठेवून ऐकत उभी होती. खिडकीतून जावई बघत होता.

निघायची वेळ झाली. प्रथमोपचाराची पेटी खणात गेली, खटका बसला. मिस्त्रीण गादीवर बसली, आरसे नीट केले आणि खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती.

"चिंधी लाव जागेवर."

"नाही," लेक खालून म्हणाली. चिंधी तिच्या मुठीत होती. "ही माझ्याकडे राहील."

"मग मी खाली जाताना काय बांधू?"

"तू नाही बांधायचीस. मी बांधेन. इथं, माझ्या खिडकीला. खाली जायचं असलं, टपावर चढायचं असलं, आधी फोन करायचा. मी बांधल्यावर जायचं. वर आलीस, उतरलीस, की पुन्हा फोन. तोवर मी सोडणार नाही. आणि सोडायची वेळ टळली की मी गाडी काढून निघेन, मग तू कुठल्याही डोंगरात अस."

मिस्त्रिणीचा हात गिअरवर होता. चाळीस वर्षं ती कुणाला विचारून कुठं गेली नव्हती.

"म्हणजे आता तुला विचारून गाडीखाली जायचं मी?"

"विचारून नाही. सांगून."

"आणि नाही सांगितलं तर?"

"नियम आहे," लेक म्हणाली. "मी नाही केलेला."

मिस्त्रिणीनं तिच्याकडे नीट बघितलं. अनवाणी पाय, केसांत माती, गालावर डिझेलचा काळा ओघळ, आणि हनुवटी अशी वर केलेली की तिथं आरसाच धरलाय असं वाटावं. दगड फुटला असता, पण ही हलली नसती. तिनं नुसतं हूं केलं आणि गिअर टाकला. भोपळा मोकळ्या जागेतून हळूच बाहेर पडला. मागं मातीत चाकांचे चार खोल खड्डे राहिले, आणि त्यांच्यापलीकडे लेकीच्या खिडकीतलं ते झाड, जे इतके दिवस ट्रकच्या आड गेलं होतं.

त्या दिवशी ती फार लांब गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका चढावर रस्त्याच्या कडेला सपाट जागा दिसली, खाली सगळा उतार उघडा, वारा मोकळा. तिनं भोपळा लावला, चाकांखाली ठोकळे सरकवले, चहा घेतला. तेल बघितलं, ठीक होतं. हवा ठीक होती. शाफ्ट परवाच ग्रीस केला होता, महिनाभर बघायची गरज नव्हती.

तिनं सतरंजी काढून ट्रकखाली पसरली आणि फोन लावला.

"खाली जातेय," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग खिडकीचा कोयंडा. थोडा वेळ काहीच नाही. दोन्ही पाकळ्या सारख्या करायला वेळ लागतोच.

"बांधली," लेक म्हणाली.

मिस्त्रीण सरकत खाली गेली. शाफ्टच्या सांध्याशी पिवळं ग्रीस होतं तसंच होतं. तिनं बोटानं त्याला उगाच हात लावला. करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ती तशीच पडून राहिली, डोक्यावर गाडीचं उबदार पोट, अंगावरून वारा, आणि फोन छातीवर. सोडायची घाई नव्हती.